ओपनडब्ल्यूआरटी वन: घेतलेल्या कोडचे देणे चुकते करणारा राउटर

घरातल्या वायफाय राउटरचे परीक्षण करताना वेग, पल्ला आणि किंमत या तीन गोष्टी पाहिल्या जातात. ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर मी वापरायला घेतला तो आणखी एका कारणासाठी. इतरांनी लिहून सर्वांसाठी खुल्या केलेल्या सॉफ्टवेअरवर उभे राहिलेले उत्पादन विकताना, त्या लिहिणाऱ्यांशी आणि ते विकत घेणाऱ्यांशी विक्रेत्याने कसे वागावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. बाजारातल्या बहुतेक घरगुती राउटरांच्या पोटात लिनक्स हे असेच खुले सॉफ्टवेअर असते. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी ते लिहिलेले नसते, त्यासाठी कुणाला परवाना शुल्कही दिलेले नसते, आणि तरीही गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती कुलूपबंद डबी. हा राउटर त्याच सॉफ्टवेअरवर चालतो, परंतु कुलूप न लावता विकला जातो, आणि म्हणून त्याचे गुणदोष सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते.

आधी वस्तूविषयी. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीला आलेला हा राउटर ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरांसाठी लिनक्सवर बेतलेली खुली प्रणाली घडवणारा प्रकल्प आणि अमेरिकेतील सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था यांनी मिळून आखला असून त्याचे उत्पादन बनाना पाय या नावाने सर्किट बोर्ड विकणाऱ्या चिनी उत्पादकाने केले आहे. आत मीडियाटेकची फिलॉजिक ८२० ही चिप आहे, तिच्यात १.३ गिगाहर्ट्झचे दोन कोअर आहेत, आणि सोबत १ जीबी रॅम आहे. घरगुती राउटरमध्ये १२८ किंवा २५६ एमबी रॅमवर भागवण्याची प्रथा पाहता ही रॅम भरपूर म्हणावी लागेल. वायफाय ६ असून २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे मिळतात. मागे दोन इथरनेट पोर्ट आहेत, एक २.५ गिगाबिटचा आणि एक १ गिगाबिटचा. शिवाय आत एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क लावण्यासाठी जागा आहे, ती राउटरमध्ये क्वचितच पाहायला मिळते. कवचासह पूर्ण राउटरची किंमत ८९ डॉलर ठेवण्यात आली. त्या वेळच्या दराने हे साधारण साडेसात हजार रुपये होतात, आणि पाठवणी व सीमाशुल्क वेगळे.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मागच्या बाजूचा एक छोटा खटका. या राउटरमध्ये दोन स्वतंत्र फ्लॅश चिप, म्हणजे वीज गेली तरी साठवलेले जपणाऱ्या चिप, आहेत. रोजची प्रणाली नँड चिपवर राहते, आणि बिघाड झाल्यास राउटर पुन्हा उभा करण्यापुरते सॉफ्टवेअर नॉर चिपवर राहते, जे सहसा पुसले जात नाही. तुम्ही स्वतः तयार केलेली प्रणाली घातली आणि ती सुरूच झाली नाही, तर खटका नॉरकडे सरकवायचा, योग्य फाइल असलेला पेनड्राइव्ह लावायचा आणि राउटर पुन्हा पहिल्यासारखा करून घ्यायचा. ज्यांनी पूर्वी राउटरमध्ये दुसरे फर्मवेअर (उपकरणाच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर) घालताना तो कायमचा ठप्प केला आहे, त्यांना या खटक्याची किंमत सांगायला नको. पुढच्या बाजूला यूएसबी-सी चा एक पोर्ट आहे, तो थेट सीरियल कन्सोलचा, म्हणजे राउटरशी तारेने थेट संवाद साधण्याचा. एरवी याच कन्सोलपर्यंत पोहोचण्यासाठी राउटरचे कवच उघडून, बोर्डावरचे तीन-चार बारीक ठिपके शोधून त्यांना डाग देऊन तारा जोडाव्या लागतात. इथे लॅपटॉपला केबल जोडली की चालू होतानाचा प्रत्येक संदेश पडद्यावर वाचता येतो. मालकाने आत डोकावावे, बदल करावा आणि चुकल्यास पुन्हा उभे राहावे, हे गृहीत धरून ही वस्तू घडवलेली आहे.

असा राउटर मुळात का बनवावा लागला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला आणि प्रचंड खपला. २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या विकासकांच्या लक्षात आले की या राउटरचे फर्मवेअर लिनक्सवर बेतलेले आहे, मात्र त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता आणि बदलता येणारा मूळ मजकूर, कुठेही दिलेला नाही. लिनक्सचा गाभा जनरल पब्लिक लायसन्सच्या, म्हणजे जीपीएलच्या, दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. हा परवाना १९९१ चा आहे आणि त्याची मुख्य अट कुणालाही समजेल अशी आहे: हे सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका, त्याचे पैसेही घ्या, परंतु ज्याला द्याल त्याला त्याचा सोर्स कोडही याच अटींवर द्या. हा परवाना काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने आणि इतरांनी लावून धरल्यावर लिंक्सिसचा कोड बाहेर आला. त्या कोडवर हौशी आणि जाणत्या लोकांनी काम सुरू केले, आणि २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या नावातली 'डब्ल्यूआरटी' ही अक्षरे त्या राउटरचीच आहेत.

या इतिहासातला पुढचा टप्पा मला जास्त बोलका वाटतो. कोड खुला झाल्यामुळे डब्ल्यूआरटी५४जी हा लोकांच्या आवडीचा राउटर झाला आणि त्या आवडीचा धंद्यालाही फायदा झाला. तरीही २००५ च्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने मेमरी निम्मी केली आणि लिनक्स काढून एक बंदिस्त प्रणाली घातली. खोक्यावरचे नाव तेच राहिले. ज्यांना लिनक्स हवे होते त्यांच्यासाठी डब्ल्यूआरटी५४जीएल असे वेगळे मॉडेल विकायला आले. म्हणजे खुलेपणाला गिऱ्हाईक आहे, त्यासाठी लोक वेगळे मॉडेल शोधून घेतात, हे कंपनीला तेव्हाच पुरते कळले होते. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला सिस्कोवर दावा लावावा लागला आणि मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला.

आता परवान्यातल्या ज्या वाक्याकडे बहुतेक कंपन्या डोळेझाक करतात, त्याविषयी. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'पूर्ण सोर्स कोड' म्हणजे काय हे स्पष्ट लिहिलेले आहे. नुसत्या सी भाषेतल्या फाइली दिल्या म्हणजे काम झाले असे नाही. त्या फाइलींपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्यासाठी आणि तो बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात मोडतात. कोड सोबत दिला नसेल तर निदान तीन वर्षे तो मागणाऱ्या कुणालाही देण्याची लेखी हमी द्यावी लागते, आणि त्यासाठी प्रत पाठवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक रक्कम घेता येत नाही.

ही हमी प्रत्यक्षात कशी पाळली जाते याचा एक अनुभव सांगतो, कंपनीचे नाव न घेता. आमच्या घरी पूर्वी एक राउटर होता. त्याच्या खोक्यात भिंग लावून वाचावा लागेल अशा अक्षरांत छापलेला एक कागद होता, आणि त्यावर सोर्स कोड मागवण्यासाठी ईमेलचा पत्ता होता. मी लिहिले. बरेच दिवस काही आले नाही. पुन्हा लिहिल्यावर एक दुवा आला आणि त्यातून एक भलीमोठी झिप फाइल उतरवून घेता आली. आत लिनक्सचा गाभा होता, बिझीबॉक्स हा छोट्या उपयोगी आज्ञांचा संच होता, इतर काही प्रोग्राम होते, आणि वरवर पाहता सर्व काही व्यवस्थित दिसत होते. पण गाभा कोणत्या पर्यायांसह तयार केला हे सांगणारी कॉन्फिग फाइल नव्हती, कोणता कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम घडवणारे साधन) वापरला याचा उल्लेख नव्हता, आणि सर्व भाग एकत्र करून राउटर स्वीकारेल अशी फाइल बनवणारे साधन तर नव्हतेच. गाभ्याची आवृत्तीही राउटरमधल्या आवृत्तीशी जुळत नव्हती. मी त्याबद्दल विचारले तेव्हा, आमच्याकडे जे होते ते दिले आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. अशा गठ्ठ्यातून कुणालाही काही उभे करता येत नाही. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणायचे ते वकील ठरवतील. माझ्या मते ही मागणाऱ्याला थकवून परत पाठवण्याची रीत आहे आणि ती अप्रामाणिक आहे.

ओपनडब्ल्यूआरटी वनची खरी परीक्षा मी याच मुद्द्यावर घेतली. प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारातून कोड उतरवून घेतला, यादीतून या राउटरचे नाव निवडले आणि लेखी सूचनांप्रमाणे प्रणाली तयार करायला लावली. साध्या लॅपटॉपवर पहिल्या खेपेला याला तास-तास लागतात, डिस्कवर बरीच जागा लागते, आणि कंपायलरसुद्धा तिथेच घडवला जात असल्यामुळे पंखा गरगरत राहतो. शेवटी जी फाइल मिळाली ती मी राउटरमध्ये घातली आणि राउटर सुरू झाला. त्यात मी लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या मजकुरात स्वतःची एक ओळ घातली होती, ती कन्सोलवर दिसली. बदल क्षुल्लक होता. पण विकत घेतलेल्या वस्तूच्या आत चालणारे सगळे काम कोणत्या ओळींतून होते ते पाहता येणे, त्यातली एक ओळ बदलता येणे आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी न लागणे, हाच तर त्या परवान्याचा हेतू होता. उत्पादकाकडे ईमेल करण्याची वेळच आली नाही.

कंपन्यांकडून यावर नेहमी एक बचाव केला जातो. वायफायची ताकद आणि वारंवारता यांवर सरकारी बंधने असतात, गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअर बदलून ती मोडली तर आम्ही जबाबदार ठरू, म्हणून आम्हाला कुलूप लावावेच लागते, असा तो बचाव. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी केलेल्या नियमांचा हवाला त्यासाठी दिला जातो. परंतु ऑगस्ट २०१६ मध्ये याच आयोगाने टीपी-लिंकशी समझोता केला तेव्हा चित्र वेगळे दिसले. काही राउटर मर्यादेपेक्षा जास्त ताकदीने चालवता येत होते म्हणून कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले, आणि त्याच समझोत्यात इतरांचे फर्मवेअर घालता यावे यासाठी मुक्तस्रोत समुदाय व चिप उत्पादक यांच्यासोबत काम करण्याचेही कंपनीने मान्य केले. रेडिओचे नियम पाळणे आणि बाकीचे सॉफ्टवेअर मालकाला बदलू देणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून मान्य झाले. ओपनडब्ल्यूआरटी वनने तर अमेरिकेतील या चाचण्या रीतसर पूर्ण केल्या आहेत, आणि तरीही त्याला कुलूप नाही. त्यामुळे नियमांकडे बोट दाखवणाऱ्या कंपनीला आता या राउटरचे उदाहरण देऊन प्रतिप्रश्न विचारता येईल.

परवान्याची अट पाळली म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र मला वाटत नाही. पैसे घेऊन विकण्यात काहीच गैर नाही, हे आधी स्पष्ट करतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ च्या सुमारास ईमॅक्सची टेप १५० डॉलरना विकत होते. प्रश्न विक्रीचा नसून, विक्रीतून आलेल्या पैशाचा कुठलाच भाग ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, हा आहे.

डीएनएसमास्क या प्रोग्रामचे उदाहरण घ्या. तुमचा फोन घरच्या वायफायला जोडला जातो तेव्हा त्याला पत्ता देण्याचे आणि संकेतस्थळांची नावे शोधून देण्याचे काम असंख्य राउटरांत हाच प्रोग्राम करतो. तो सायमन केली या एका माणसाने लिहिला आणि मुख्यतः त्यांनीच वर्षानुवर्षे सांभाळला. जानेवारी २०२१ मध्ये त्यात सात सुरक्षा त्रुटी असल्याचे जाहीर झाले, आणि त्यांना मिळून डीएनएसपूक असे नाव पडले. दुरुस्त केलेली आवृत्ती त्याच वेळी उपलब्ध झाली, म्हणजे सांभाळणाऱ्याने आपले काम चोख केले. पण ती दुरुस्ती घराघरांतल्या डब्यांपर्यंत न्यायची तर प्रत्येक उत्पादकाने आपापले फर्मवेअर नव्याने काढायला हवे, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी विकलेल्या मॉडेलसाठी तो खटाटोप करायला अनेकांची तयारी नसते. गिऱ्हाइकाला दुरुस्ती स्वतः घालता येत नाही, कारण कुलूप आहे. उत्पादक घालत नाही, कारण त्याची विक्री उरकलेली आहे. फुकट मिळालेल्या कोडवर नफा मिळवायचा, कोडची दुरुस्तीही फुकट मिळत असताना ती पुढे पोहोचवायची नाही, आणि दुसऱ्याला पोहोचवूही द्यायची नाही, ही वागणूक मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दोषी गोष्ट वाटते. कोड लपवण्याने तत्त्वाचा भंग होतो. या वागणुकीने मात्र सामान्य माणसाचे घर उघडे पडते, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरे उदाहरण डेव्ह ताट यांचे. घरात कुणी मोठी फाइल चढवू लागले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, आणि त्याचे कारण पुष्कळदा राउटरच्या आत साचणारी डेटाची रांग हे असते. या रांगेवर उपाय शोधणाऱ्या मंडळींत ताट अग्रभागी होते. ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेल्या सेरोडब्ल्यूआरटी या प्रकल्पात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे उपाय तपासले, त्यातून घडलेले दोन उपाय, एफक्यू-कोडेल २०१२ मध्ये आणि केक २०१८ मध्ये, लिनक्सच्या गाभ्यात आले. आज अशा सोयी गेमिंगसाठी खास म्हणून जाहिरातीत मिरवतात आणि त्यांच्या जोरावर महागडे राउटर विकले जातात. ताट यांचे काम पुष्कळसे लोकांनी ऐच्छिक दिलेल्या वर्गणीवर चालत असे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांच्या घरचे कॉल त्यांच्या कामामुळे सुरळीत चालतात अशा माणसांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाही त्यांचे नाव माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओपनडब्ल्यूआरटी वनच्या प्रत्येक विक्रीमागे १० डॉलर कन्झर्व्हन्सीकडे असलेल्या ओपनडब्ल्यूआरटीच्या निधीत जातात. ८९ डॉलरच्या वस्तूतून १० डॉलर हा वाटा लहान नाही, आणि तो विक्रीच्या वेळीच ठरलेला आहे, वर्षाअखेरीस कंपनीच्या मर्जीने दिलेली देणगी नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माझी तक्रार अशी की हा निधी ओपनडब्ल्यूआरटीचा आहे. या राउटरमध्ये जे डीएनएसमास्क चालते, जो लिनक्सचा गाभा चालतो, त्यांच्या सांभाळकर्त्यांसाठी यात वेगळा वाटा ठरलेला नाही. इतर राउटरांकडून काहीच मिळत नसताना ही तक्रार कडक वाटेल, परंतु जो नीट वागतो त्याच्याकडूनच जास्त अपेक्षा करता येते, आणि दोन-तीन डॉलर जरी पुढच्या प्रकल्पांकडे नेमाने गेले असते तरी या राउटरने घालून दिलेला पायंडा अधिक भक्कम झाला असता.

खुलेपणाच्या बाबतीतही एक उणीव नोंदवायला हवी. वायफायच्या आणि २.५ गिगाबिट पोर्टच्या चिपवर चालणारे फर्मवेअर बंदिस्तच आहे. ते मुख्य प्रोसेसरवर चालत नाही, आपापल्या चिपपुरते राहते, आणि प्रकल्पाने हे सुरुवातीपासून उघड सांगितलेले आहे. तरी वायफायच्या त्या भागात त्रुटी सापडली तर दुरुस्तीसाठी चिप उत्पादकाचीच वाट पाहावी लागणार, आणि या बाबतीत इतर राउटरांपेक्षा इथला मालक फार पुढे गेलेला नाही. पूर्ण खुले वायफाय ६ आज चिपच्या बाजारातच मिळत नाही, त्यामुळे दोष या राउटरवर टाकणे अन्यायाचे होईल.

रोजच्या वापरातल्या अडचणी वेगळ्या आहेत. दोनच इथरनेट पोर्ट असल्यामुळे एक इंटरनेटसाठी गेला की घरातल्या वस्तूंसाठी एकच उरतो. टीव्ही, संगणक आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर तारेने जोडायचा असेल तर वेगळा स्विच घ्यावाच लागतो. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा नाही. फायबरची तार थेट लावण्याची सोय नाही, आणि आपल्याकडे ही बाब विशेष अडचणीची ठरते, कारण महाराष्ट्रातल्या शहरांत इंटरनेट आता बहुतेक फायबरने येते आणि सेवा देणारा स्वतःची डबी लावून जातो. त्या डबीला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे केवळ जोडणी पुढे देण्याच्या कामावर, टाकून घ्यावे लागते आणि पीपीपीओईचे, म्हणजे सेवा देणाऱ्याकडच्या लॉगिनचे, युजरनेम-पासवर्ड या राउटरमध्ये भरावे लागतात. आमच्याकडे आलेला मुलगा आधी म्हणाला, "काका, ब्रिज मोड आमच्याकडे होत नाही, तुम्ही त्याच्या मागे दुसरा राउटर लावून टाका." त्याच्या वरिष्ठांशी फोनवर बोलल्यावर तेच काम काही मिनिटांत झाले. आपण पैसे भरून घेतलेल्या जोडणीवर आपला राउटर लावण्यासाठी इतके बोलावे लागू नये, पण लागते, आणि हा राउटर घेणाऱ्याने त्याची तयारी ठेवावी.

एकदा बसवल्यावर मात्र राउटर निमूटपणे चालतो. लूसी हे त्याचे नियंत्रणपान जाहिराती दाखवत नाही, खाते उघडायला लावत नाही, फोनमध्ये ॲप घ्या म्हणत नाही. केक हा रांगेवरचा उपाय चालू करून वेगाची मर्यादा नीट भरल्यावर, घरात एक जण फाइल चढवत असताना दुसऱ्याची ऑनलाइन शिकवणी अडखळणे थांबले. विजेचा पुरवठा यूएसबी-सी पीडीने १२ व्होल्टवर होतो, त्यामुळे तेवढा दाब देऊ शकणाऱ्या पॉवर बँकेवरही तो चालतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या भागांत ही मोठी सोय आहे. लूसीमध्ये मराठीचाही पर्याय आहे. भाषांतर अपुरे असल्याने पानावर मराठी आणि इंग्रजी शब्द मिसळलेले दिसतात, आणि काही शब्द बोजड वाटतात. ते वेबलेट या संकेतस्थळावर कुणालाही सुधारता येते, आणि मी काही ओळी सुधारायला सुरुवात केली आहे. प्रोग्राम लिहिता न येणाऱ्या, पण राउटरची भाषा समजणाऱ्या मराठी वाचकाला या सामायिक कामात भर घालण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

या राउटरमुळे बाकीचे उत्पादक सुधारतील का, असे मला विचारले जाते. केवळ आदर्श पाहून कुणी सुधारत नाही, असा आजवरचा अनुभव आहे. फ्रिट्झबॉक्स हे राउटर बनवणाऱ्या एव्हीएम या जर्मन कंपनीविरुद्ध तिथल्या एका ग्राहकाने कन्झर्व्हन्सीच्या पाठबळावर बर्लिनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा कुठे कोड तयार करून राउटरमध्ये बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट त्याला मिळाल्या. हे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. एका राउटरसाठी एका माणसाला इतके करावे लागले. मात्र असा दावा लढताना, पूर्ण कोड देणे व्यवहारात शक्यच नाही असे यापुढे न्यायालयात म्हणायचे झाल्यास समोर ८९ डॉलरचा एक राउटर ठेवता येईल. मला या वस्तूचे महत्त्व तिच्या वेगापेक्षा त्यात अधिक वाटते.

घ्यावा का? ज्यांना घरातल्या नेटवर्कमध्ये स्वतः लक्ष घालायचे आहे, लहान कार्यालय चालवायचे आहे, किंवा विद्यार्थ्यांना नेटवर्किंग शिकवायचे आहे, त्यांनी शक्य असल्यास जरूर घ्यावा. शिकवणाऱ्यांसाठी तर तो खटका आणि तो कन्सोल एवढ्यानेच पैसे वसूल होतात, कारण विद्यार्थ्याने काहीही बिघडवले तरी राउटर परत उभा राहतो. अडचण मिळण्याचीच आहे. त्याची विक्री मुख्यतः बनाना पायच्या अलीएक्स्प्रेसवरील दुकानातून होते, आणि भारतात अलीएक्स्प्रेसवर २०२० पासून बंदी आहे. वायरलेस उपकरण आयात करून विकायचे तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता लागते, त्यामुळे इथले नेहमीचे दुकानदार या फंदात पडत नाहीत. मी तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवला. मग हमीसाठी तो परत पाठवणेही सोपे नाही, हे लक्षात घ्यावे.

ज्यांना तो मिळणार नाही त्यांनी नवा राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील हार्डवेअर सारणी पाहावी. इथल्या बाजारात सहज मिळणारे काही राउटर त्या सारणीत आहेत, आणि त्यांवर ही प्रणाली उत्तम चालते. मात्र सारणीत मॉडेलच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक दिलेला असतो, तो खोक्यावरच्या किंवा राउटरच्या तळाच्या क्रमांकाशी ताडून मगच पैसे द्यावेत. एकाच नावाखाली वेगळी चिप आणि कमी मेमरी घालून विकण्याची पद्धत आजही चालू आहे, आणि ऑनलाइन दुकानाच्या पानावर हा क्रमांक बहुधा लिहिलेला नसतो. दुकानात जाऊन खोके हातात घेऊन पाहणे हाच त्यावर उपाय आहे.